अख्खी भाकरी

आमच्या कुत्रीला अख्खी भाकरी चालत नसे. भाकरी आवडायची, बाजरीची तर फारच, पण ती तोडून, चार-पाच तुकडे करून द्यावी लागायची. चुकून सबंध भाकरी पुढे ठेवली तर ती मागे सरायची. भाकरीकडे न बघता आमच्या तोंडाकडे बघायची आणि मग फाटकापाशी जाऊन उभी राहायची. पाहुणे हसायचे. मास्तरीणबाईंच्या कुत्रीला घास भरवावा लागतो, असं गावात झालं होतं. मी कोणाला कारण सांगत बसले नाही. सांगायचं तर त्यात माझाही हात होता, हेही सांगावं लागलं असतं.

आमचं गाव तिसगावच्या पुढं. इथं पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाचे ट्रक फाट्यावर लागतात. पत्रे, भांडी, अंथरुणांची गाठोडी, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढतं. कुत्री मात्र बहुतेक मागे राहतात. कारखान्यावर हजार माणसांत कुत्रं हरवतं, नाहीतर बैलगाडीखाली जातं, म्हणून नेत नाहीत. पण कुत्र्याला हे कोण समजावणार? ते ट्रकमागे पळतं. पळता पळता दमतं आणि हमरस्त्यावर मरतं. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. निघायच्या वेळी तव्यावरची गरम अख्खी भाकरी घ्यायची, वर गुळाचा खडा ठेवायचा, आणि फाटक असलेल्या कोणाच्या तरी आवारात कुत्र्यापुढे ठेवायची. एरवी त्याला मिळतात ते उष्टे तुकडे. सबंध भाकरी बघून ते खाण्यात दंग होतं, तेवढ्यात फाटकाची कडी लावायची. याला कोणी फसवणं म्हणत नाही. कुत्रं गुंतवणं म्हणतात.

दहा वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतर शाळेमागच्या वस्तीवरची एक बाई अशीच आमच्या दारात आली. तिची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात होती. मागोमाग वर्षभराची तांबूस कुत्री होती, एक कान मोडलेला.

"बाई, तुमच्या कंपाउंडला फाटक हाय. येवढी गुतवून घ्या. लई जीव लावती, ट्रकमागं आल्याबिगर ऱ्हायची न्हाई."

मी म्हटलं, ठीक आहे. दोन दिवसांत जाईल कुठंतरी, कुत्र्यांना काय. तिनं भाकरी ठेवली, कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मागं न बघता गेली. कडी मी लावली. ट्रकचा आवाज आला तेव्हा कुत्रीच्या तोंडात घास होता. तो तसाच टाकून ती फाटकावर धावली, आणि दिवस मावळेपर्यंत छातीनं फाटकाला धडका देत राहिली. उरलेल्या भाकरीला मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मी फाटक उघडून दिलं, तर फाट्यापर्यंत गेली, रस्ता हुंगला आणि संध्याकाळी परत आली. दुसरीकडे जाणार तरी कुठं होती?

सहा महिन्यांनी, पाडव्याच्या सुमाराला, टोळी परतली. ती बाई कुत्रीला न्यायला आली. तिला बघून कुत्रीनं शेपटी हलवली, कुईं कुईं केलं, सगळं अंग वळवळवलं, पण फाटक उघडं असून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. बाईनं चार-पाच हाका मारल्या. मग पदरानं तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ द्या बाई तुमच्याकडंच. आमी पुन्यांदा जानारच. दरसाली कुनी फसवायचं तिला?"

रीतीला फसवणं म्हणणारी मला भेटलेली ती पहिली बाई.

कुत्रीचं नाव आम्ही कधी ठेवलं नाही. नावं ठेवायला गाव समर्थ होतं. आधी ती नुसती 'ये' होती, पुढं पुढं 'म्हातारी' झाली. आमचे हे तेव्हा एसटीत ड्रायव्हर होते. 'कुत्रं ते कुत्रं, डोक्यावर चढवू नकोस,' हे त्यांचं वाक्य ठरलेलं. पण मुक्कामाच्या ड्युटीला निघायच्या आधी यांनी पिशवी भरायला घेतली की ती येऊन पिशवीवरच झोपायची. उठवलं तर गुरगुरायची नाही, अंग जड करून पडायची. शेवटी हे पिशवी शेजारच्या किराणा दुकानात नेऊन भरायला लागले. पन्नाशीचा बाप्या कुत्रीपासून बनियन लपवत नेतो, हे बघून दुकानदारालाही मजा वाटायची. आठ-दहा मुक्काम झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हा माणूस जातो आणि परत येतो. मी शाळेत जाते आणि परत येते, हे कळायलाही एक सगळं वर्ष लागलं. त्यानंतर मात्र ती निवांत झाली. पिशवी भरली काय, माहेरी जायची बॅग काढली काय, एक डोळा उघडून बघायची आणि पुन्हा झोपायची. आयुष्यात मी बऱ्याच पोरांना बाराखडी शिकवली, पण कोणाला काही शिकवल्याचा अभिमान वाटला असेल तर हे तिला शिकवल्याचा.

आता दहा वर्षं झाली होती. डोळ्यांत सायीसारखं काही उतरलं होतं, मागचे पाय ओढत चालायची, पाणी सारखं प्यायची. तिसगावहून गायी-म्हशींचे डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. म्हणाले, "किडन्या थकल्यात. औषध देतो. नीट सांभाळली तर वर्षभर काढेल, जास्त धरून चालू नका."

मी ते वर्ष तिच्यासाठी जपून ठेवायचं की नाही? माझ्यानं ते झालं नाही. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, हे रिटायर होऊन दिवसभर टीव्हीपुढे. संध्याकाळी फाटक वाजवलं आणि आतून कोणी उठलंच नाही तर काय, हा विचार मला भर वर्गात यायचा. शाळेत खिचडी शिजते त्या खोलीमागं एका कुत्रीनं पिल्लं घातली होती. कुत्री डंपरखाली गेली. पिल्लं एकेक करून मेली, एक काळं तेवढं उरलं. मला निमित्त मिळालं. म्हातारीला सोबत होईल, तिचे दिवस बरे जातील, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. खरं सांगायचं तर पिल्लू मी माझ्यासाठी आणलं. म्हातारी जायच्या आधीच तिच्या जागेची सोय करून ठेवली.

"तिच्या डोळ्यांदेखत सवत आणतेस का?" हे म्हणाले.

"सवत काय, नात आहे नात," मी म्हणाले. चिडूनच म्हणाले, कारण मला ते लागलं होतं.

एक मात्र मी मनाशी अगदी पक्कं केलं होतं. म्हातारीला क्षणभरही वाटता कामा नये की आपल्याला टाकलं. तिचं गोणपाट तिचंच राहील, दुपारी माझ्या पायाशी तीच झोपेल, आधी तिला भाकरी, मग पिल्लाला. सगळं ठरवलेलं होतं. पाठटाचण काढायची सवय असलेल्या बाईकडून जे होतं ते सगळं.

दसऱ्याला दोन-तीन दिवस झाले होते. शाळेला सुट्टी नव्हती, पण शनिवार होता, सकाळचीच शाळा. मी पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणलं. अंगभर गोचीड, पोट फुगलेलं, आणि आवाज असा की सगळी गल्ली जागी व्हावी. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एकदम समोरासमोर आणू नका, आधी अंघोळ घाला, तासभर वेगळं ठेवा. म्हातारी तर खोक्याभोवती फिरायला लागलेली. खोक्यावर नाक लावून माझ्याकडे बघायची. पाणी तापलं होतं, पिल्लू किंचाळत होतं, हे बादली कुठंय म्हणून ओरडत होते. तव्यावर मी नुकतीच भाकरी टाकलेली, ती करपायला आली. ती उतरवली, मागच्या खोलीत नेऊन खाली ठेवली. तिची किडनीची गोळी गुळात घालून द्यायची असायची, म्हणून वर गुळाचा खडा ठेवला. "ये गं," म्हटलं. ती आत आली. मी बाहेर आले आणि कडी लावली.

कडी लावताना हाताला काही आठवलं नाही. डोक्याला तर नाहीच.

आतून दारावर नखं ऐकू आली. मग धप्प असा आवाज, पुन्हा धप्प. मी मोरीतून ओरडले, "बस गं, आलेच." पिल्लाला साबण लावला, गोचीड काढले, जुन्या ओढणीत गुंडाळलं. तास कधी झाला कळलं नाही. दार उघडलं तर ती उभी होती, मागचे पाय थरथरत होते, खाली मुतली होती. भाकरी जशीच्या तशी, गूळही तसाच. मी रागावले. होय, रागावले. "एवढी गरम भाकरी दिली तर तिला शिवलीही नाहीस," असं म्हणाले.

ती माझ्या शेजारून गेली. ओढणीतल्या पिल्लाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ओट्यावरून उतरली, फाटकातून बाहेर पडली आणि पाय ओढत फाट्याच्या दिशेनं चालायला लागली. मला वाटलं, रुसली. येईल.

संध्याकाळी हे स्कूटरवर तिला शोधायला गेले, तर फाट्यावर, ट्रक लागतात तिथंच बसलेली सापडली. उचलून आणली. घरी आणल्यावर पाणी प्यायली, भाकरीचे तुकडे केले तरी खाल्ले नाहीत. सकाळी उठून पुन्हा फाट्यावर. तिथं जायला तिला अर्धा तास लागायचा, वाटेत तीनदा बसायची, पण जायची. मी फाटक लावून बघितलं, तर तिनं छातीनं धडका द्यायला सुरुवात केली. तो आवाज मी दहा वर्षांपूर्वी ऐकला होता. मी धावत जाऊन फाटक उघडलं. हे म्हणाले, पिल्लाचा मत्सर. डॉक्टर म्हणाले, वय झालं की कुत्र्यांना भ्रम होतो. मी दोघांचंही खरं मानलं. त्यात माझा काही दोष निघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फाट्यावर गेले. ट्रक भरत होते. म्हातारी कडेच्या लिंबाखाली बसली होती. मला बघून शेपटीचं टोक हललं, बाकी ती हलली नाही. मी तिच्याजवळ खाली बसले. तेवढ्यात डोक्यावर गाठोडं घेतलेली ती बाई आली, तिची पहिली मालकीण. केस पांढरे झाले होते, पण कोयता अजून सुटला नव्हता. गाठोडं खाली ठेवून ती उकिडवी बसली.

"आगं म्हातारे, वळीखलंस का?"

म्हातारीनं तिचा हात हुंगला, एकदा चाटला आणि पुन्हा मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. बाईनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, तुमी गाव सोडून कुटं चाललाव का?"

"मी? नाही. मी कुठं जाणार?"

"मंग ही अशी का बसलीया?" तिनं कुत्रीची हनुवटी वर उचलली. "अख्खी भाकर दिली काय हिला?"

गरम भाकरी, वर गुळाचा खडा, कडी. सगळं मी जसंच्या तसं केलं होतं. एकही गोष्ट चुकवली नव्हती.

"मला वाटलं हुतं," ती कुत्रीच्या मोडक्या कानावरून हात फिरवत म्हणाली, "मास्तरनीच्या घरात हिला पुन्यांदा कोन गुतवनार न्हाई." तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मुकादमानं हाक मारली. ती गाठोडं घेऊन ट्रकवर चढली. ट्रक सुरू झाला, पोरं ओरडली, धूळ उठली. मला वाटलं, आता म्हातारी उठेल. पळता येणार नाही, पण उठेल तरी. ती उठली नाही. तिनं ट्रककडे बघितलंच नाही. धुरकट डोळ्यांनी ती सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती. तेव्हा मला कळलं की ती कोणाची वाट बघायला तिथं येत नव्हती. ती माझ्यावर लक्ष ठेवत होती. जाणारं माणूस फाट्यावरूनच जातं, हे तिला ठाऊक होतं. ती तिथं बसली असताना मला तिला टाकून जाता आलं नसतं.

शेवटचा ट्रक गेला तरी मी जमिनीवर बसून राहिले. मास्तरीणबाई धुळीत बसून रडताहेत म्हणून दोन माणसं थांबली आणि गेली. हे घरून भाकरी घेऊन आले. मी तिचे तुकडे केले, अगदी बारीक. तिनं दोन खाल्ले. मग उठली आणि घराकडे निघाली, मी मागून. दर दहा पावलांवर थांबून ती मागं वळायची, मी येते आहे ना बघायला.

त्या दिवसापासून ती फाट्यावर गेली नाही. फाटकाला आडवी झोपायला लागली. पिल्लू तिच्या पोटाशी जाऊन झोपायचं, तिनं त्याला हाकललं नाही, चाटलंही नाही. ते फाटकाकडे दुडदुडत गेलं की मात्र पुढचा पंजा त्याच्या पाठीवर ठेवायची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. सकाळी मी तिला उठवून निघाले की साडीचा काठ तोंडात धरायची. दात राहिले नव्हते, काठ सहज सुटायचा. "संध्याकाळी येते गं," मी म्हणायचे. मधल्या सुट्टीतही धावत घरी यायचे, तोंड दाखवायचे, परत जायचे. मी जाते आणि येते, हे तिला पुन्हा शिकवायचं होतं. पहिल्या वेळी त्याला वर्ष लागलं होतं. आता वर्ष नव्हतं. मीच तिचं शिकलेलं पुसलं होतं, एका भाकरीत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी डबा घेऊन निघाले तर फाटक उघडेना. आमचं फाटक आतल्या बाजूला उघडतं. मी ओढलं, पुन्हा ओढलं, आणि मग खाली बघितलं. ती फाटकाला पाठ लावून पडली होती. अंग गार होतं. पिल्लू तिच्या पोटाशी झोपलेलं, ऊब शोधत आणखी आत शिरत होतं. डबा खाली ठेवून मी यांना हाक मारली. ते आले, त्यांनी आधी पिल्लू उचलून माझ्या हातात दिलं, आणि मग तिला दोन्ही हातांनी बाजूला घेतलं. फाटक उघडलं. मी शाळेत गेले नाही.

शेवग्याखाली खड्डा यांनीच खणला. माती लोटायच्या आधी घरात गेले, भाकरी घेऊन आले, आणि खड्ड्याच्या काठाशी बसून तिचे तुकडे केले. 'कुत्रं ते कुत्रं' म्हणणारा माणूस. तुकडे एकेक करून तिच्या तोंडाजवळ ठेवले.

पाडव्याला टोळी परतली. ती बाई आली, उंबऱ्याशी थांबली, आवारावर नजर फिरवली. म्हातारी आहे का, हे तिला विचारावं लागलं नाही.

"कुटं गेली? फाट्यावर?"

"नाही. इथंच, फाटकापाशी."

"आतून का भायेरून?"

"आतून."

"आतून," ती म्हणाली आणि खाली बसली. "मंग घरात गेली म्हना. लई झालं बाई. तुमी निभावलं तिचं."

मी मान हलवली. ती घरात गेली नव्हती. ती राखणीला पडली होती, मला जाऊ द्यायचं नाही म्हणून, आणि शेवटच्या सकाळीही मी डबा घेऊन निघालेच होते. हे मला सांगता आलं नाही. सहा महिने ऊस तोडून आलेल्या बाईच्या पदरात आणखी किती टाकायचं?

एव्हाना काळं पिल्लू चांगलं दांडगं झालं होतं. ते येऊन तिचं गाठोडं हुंगायला लागलं. तिनं गाठ सोडली, प्रवासातली उरलेली भाकरी काढली, आणि मी काही म्हणायच्या आत अख्खी त्याच्यापुढे ठेवली. मी तिचा हात धरला. त्यानं मात्र भाकरी झटक्यात उचलली, आमच्याकडे पाठ केली आणि खायला लागलं. एकदाही मान वर करून त्यानं आमच्या तोंडाकडे बघितलं नाही. भाकरी संपेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. फाटक सताड उघडं होतं, आणि त्याला मी अजूनपर्यंत कडी लावलेली नाही.